बाबांचे एकाहत्तर गुण

माझ्या बाबांना एका परीक्षेत नापास व्हायचं होतं. एवढंच काम होतं, आणि तेवढंच त्यांना जन्मात कधी जमलं नव्हतं.

बाबा शाळेत ड्रिल मास्तर होते, छत्तीस वर्षं. मुलं त्यांना पाठीमागे ‘शिट्टी’ म्हणायची. पुढे पुढे हेडमास्तरही चुकून तसं म्हणून जायचे आणि मग खोकल्याचं निमित्त करायचे. सहा फुटांच्या जवळ उंची, ताठ मान, कडक इस्त्रीची पँट. दोनशे पोरांना नुसत्या आवाजावर उठवायचे आणि बसवायचे. घरातही तोच कारभार. मी लहानपणी दात घासायचे तेव्हा ते बाथरूमच्या दाराशी उभे राहून मोजायचे, वर वीस, खाली वीस. आकड्यांचा राग मला तेव्हापासूनच आहे.

आई त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून होती. ती त्यांच्या खांद्याला जेमतेम लागायची. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं तिला स्टुलावर उभं केलं होतं आणि स्टूल दिसू नये म्हणून पुढे कुंडी ठेवली होती. तिची जीभ मात्र उंचीच्या मानानं बरीच लांब होती. बाबा बाहेर हुकूम सोडून घरी आले की ती म्हणायची, ‘‘अहो, बूट जागेवर. इथं शिट्टी वाजली तर रांगेत उभं राहायला कुणी नाही.’’ आणि बाबा मुकाट्यानं बूट जागेवर ठेवायचे. त्यांना हुकूम देणारं जगात ते एकच माणूस होतं.

सहा वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. ते तो हात खिशात घालून हिंडू लागले. मग चालताना हात झुलेनासा झाला, अक्षर मुंगीएवढं झालं आणि शेवटी आवाज बसला. ज्या माणसाचा आवाज मैदान ओलांडून पलीकडच्या भिंतीवर आपटायचा, त्याला पाणी हवं असलं तर आई तोंडाजवळ कान न्यायची. डॉक्टरांनी कंपवात म्हणून नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. पण कंप ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. खरा दावा साधला तो पायांनी. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे, आणि तेही नेमके दारात. हॉलमधून बरे यायचे आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत आले की उभे. वरचं अंग पुढे जायला बघतंय, पाय ढिम्म. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा.

आईला त्यावरचा उपाय सापडला तो वैतागातून. ते असेच चौकटीत अडकले होते, तिच्या हातात गरम पातेलं होतं आणि तिला पलीकडे जायचं होतं. ती म्हणाली, ‘‘अहो, जन्मभर पोरांना चालवलंत, आता जरा स्वतःला चालवा की. एक-दोन, एक-दोन.’’ आणि बाबा चालायला लागले, थेट ओट्यापर्यंत. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, होतं असं. आतला हुकूम पायांपर्यंत पोचत नाही, पण बाहेरून ठेका मिळाला की पाय दुसऱ्या वाटेनं ऐकतात.

तेव्हापासून आमच्या घरात मोजणी सुरू झाली. बाबा दारात अडकले की आई मोजायची. भांडी घासता घासता, कपडे वाळत घालता घालता, फोनवर माझ्याशी बोलता बोलता. मान वर करून बघायचीसुद्धा नाही. पावलांचा आवाज थांबला की तिच्या तोंडून एक-दोन, एक-दोन बाहेर पडायचं, पावलं सुरू झाली की बंद. वर्षभरात ते इतकं अंगवळणी पडलं की तिला विचारलं असतं, आज किती वेळा मोजलंस, तर तिला सांगता आलं नसतं.

पण मोजून माणूस चालतो, उचलला जात नाही. सकाळी बाबांना पलंगावरून उठवणं, संडासात बसवणं, तिथून उठवणं, आंघोळ, कपडे, सगळं आईच्या अंगावर. ते ब्याऐंशी किलो, ती एक्केचाळीस. मी बसनं पाऊण तासावर राहते. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर काचा घासते. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी मी जायचे, म्हणजे आठवड्यातल्या दोनच दिवशी. एका रविवारी आईनं बाह्या वर केल्या तर मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग. बाबा उठताना तिचा हात पकडायचे त्याचे. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘लागतं गं कुठंतरी.’’ कुठंतरी म्हणजे दोन्ही हातांना, पाच-पाच बोटांच्या मापानं.

घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारी कचेरीची एक योजना होती. शंभर गुणांची तपासणी. साठ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर रोज सकाळी दोन तास मदतनीस, फुकट. साठाच्या वर गेलात की तुम्ही धडधाकट. पूर्वी त्यासाठी कचेरीचा माणूस घरी यायचा. आता नवी सोय झाली होती. सगळं फोनवर.

एक खोका आला. त्यात मनगटावर बांधायचा पट्टा होता, तो सात दिवस घालायचा. कमरेचा एक पट्टा, तो तपासणीच्या दिवशी. फोन उभा करायला एक स्टँड आणि जमिनीवर तीन मीटर आखायला पिवळी चिकटपट्टी. माहितीपत्रकावर एक आजोबा छापले होते, इतके हसरे आणि टुणटुणीत की त्यांना मदतनीस कशाला हवा असा प्रश्न पडावा.

पट्टा बांधल्यावर तिसऱ्या दिवशी बुधवार होता. मी गेले तर बाबा खुर्चीत बसून पट्ट्याचा हात मागे-पुढे झुलवत होते. मोठ्या गंभीरपणे.

‘‘काय चाललंय?’’

‘‘पावलं,’’ बाबा म्हणाले.

‘‘बसून?’’

‘‘सकाळपासून चौदाशे झाली,’’ आई आतून म्हणाली. ‘‘पट्ट्याला वाटतंय बाबा फिरायला गेलेत.’’ तिला हसू आवरत नव्हतं. मलाही आलं असतं, पण दिवसभर उभं राहून माझे पाय भरून आले होते.

‘‘बाबा, यात कमी गुण मिळवायचेत. जास्त मिळाले तर माणूस मिळणार नाही.’’

बाबांनी हात थांबवला नाही. त्यांच्या बसक्या आवाजात ते सावकाश म्हणाले, ‘‘मुद्दाम नापास व्हायला मी आजवर कुणाला शिकवलेलं नाही.’’

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली. ‘‘अहो, मला सकाळी माणूस हवाय,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्यानं होत नाही आता.’’

आईच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. बाबांनीही. त्यांचा हात थांबला. ‘‘मग मी काय करू?’’

‘‘काही करू नका. जसे आहात तसे दिसा.’’

पट्ट्याचे सात दिवस भरल्यावर, शनिवारी सकाळी अकराला तपासणी होती. मी अर्धी रजा टाकून गेले. हॉलमधलं टेबल सरकवलं, चिकटपट्टी लावली, बाबांच्या कमरेला पट्टा बांधला. मग आईला बाजूला घेतलं. ‘‘आज मोजायचं नाही. काही झालं तरी. ते अडकले तर अडकू देत. त्या बाईंना तेच दिसायला हवं.’’

‘‘मी काय वेडी आहे?’’ आई म्हणाली. ‘‘मलाच तर माणूस हवाय.’’ आणि नको ती भानगड म्हणून ती स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन बसली.

फोनवर आली ती तिशीच्या आतबाहेरची फिजिओथेरपिस्ट. आवाज गोड, वागणं नम्र. तिला दोष द्यावा असं तिनं काहीही केलं नाही, हाच तिचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ‘‘आजोबा, अंगठा आणि पहिलं बोट असं टेकवा, दहा वेळा.’’ बाबांची बोटं चार वेळा नीट टेकली, मग आखडत आखडत थांबली. मी मनात म्हटलं, छान. मूठ उघडा, मिटा. तीही अडखळली. टाच जमिनीवर आपटा. उजवी आपटेचना. मी हातात फोन धरून माझ्या बापाच्या प्रत्येक अपयशावर खूश होत होते. कुणी पाहिलं असतं तर लाज वाटली असती.

मग खुर्चीतून उठणं. हातांची घडी छातीवर, पाच वेळा उठायचं आणि बसायचं. ‘‘मी मोजते हं आजोबा,’’ ती म्हणाली. ‘‘एक.’’ बाबा उठले. ‘‘दोन.’’ बाबा उठले. जे बाबा रोज सकाळी आईच्या हातांवर वळ उठवल्याशिवाय उठत नव्हते, ते आकड्यावर स्प्रिंगसारखे उठत होते.

‘‘तुम्ही मोजू नका ना,’’ मी म्हटलं. ‘‘मोजलं की त्यांना जमतं.’’

‘‘मोजावंच लागतं, ताई. सगळ्यांना सारखंच.’’

‘‘मग दारातून चालताना बघा. ते दारात अडकतात. मी फोन तिकडे नेते.’’

तिनं खरोखर वाईट वाटून सांगितलं, ‘‘त्याला रकाना नाहीये हो. मोकळे तीन मीटर लागतात.’’

शेवटी चालणं. पिवळ्या पट्टीपासून निघायचं, दुसऱ्या पट्टीवर वळायचं, परत यायचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ. बाबा निघाले, तीन मीटर गेले, वळायला म्हणून थांबले आणि चिकटले. गुडघे थरथरायला लागले. चार सेकंद, पाच, सहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजारानं त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पुसले होते, पण डोळे जागेवर होते. भर मैदानात आपली चड्डी सुटलेल्या पोरासारखे ते माझ्याकडे बघत होते. सात, आठ. मी ओठ घट्ट मिटून उभी होते.

आणि स्वयंपाकघरातून, नळाच्या आवाजाआडून, अगदी हळू आलं, ‘‘एक-दोन, एक-दोन.’’

बाबा वळले. नुसते वळले नाहीत, टाचेवर वळले. परत आले ते छाती काढून, पावलाला पाऊल मोजून, आणि खुर्चीत बसले.

‘‘वा, आजोबा,’’ फोनमधली म्हणाली. तिला ऐकू गेलंच नव्हतं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. हे धरू नका, आतून आई मोजत होती, पुन्हा घ्या. एवढीच तीन वाक्यं. पण बाबा माझ्यासमोर बसले होते, दम लागलेला, ताठ, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते मला शाळेतले बाबा दिसत होते. त्यांच्या तोंडावर ती तीन वाक्यं बोलणं माझ्या जिवावर आलं. मी मूग गिळून बसले आणि फोन बंद केला.

मग स्वयंपाकघरात जाऊन आईवर तुटून पडले.

‘‘मी कुठं मोजलं?’’ आई म्हणाली.

‘‘मी ऐकलं. एक-दोन, एक-दोन.’’

‘‘काहीतरीच. मी भांडी विसळत होते.’’

मला वाटलं, बनाव करतेय. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘ती काही बोलली नाही. माझा मी वळलो.’’ आणि दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी रचून सांगतेय. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. पावलं थांबली, तिच्या तोंडून ठेका निघाला, पावलं चालली, ठेका थांबला. ना तिच्या कानाला कळलं, ना त्यांच्या. पण राग असा प्रकाश पडून जात नाही. मी म्हटलं, ‘‘आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास. आता बस मोजत.’’ आणि न जेवता निघाले.

नऊ दिवसांनी पत्र आलं. शंभरपैकी एकाहत्तर. खाली लिहिलं होतं, ‘लाभार्थी स्वतंत्रपणे हालचाल करू शकतात.’ चालण्याला वीसपैकी एकोणीस गुण होते. पट्ट्यातल्या चौदाशे पावलांनीही हातभार लावला होता. आईनं पत्र वाचलं, घडी घातली आणि बाबांना म्हणाली, ‘‘घ्या. पहिल्या वर्गात पास झालात.’’ ती हसली. बाबा हसले असावेत, कळायला मार्ग नव्हता.

पत्रात असंही होतं की निकाल मान्य नसेल तर तीस दिवसांत अर्ज करा. अर्जासोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन मिनिटांचं चित्रण, माणूस घरात कुठे अडतो त्याचं. मग कचेरीचा माणूस स्वतः येऊन बघेल. आईनं पत्र मला दिलं. ‘‘तुला कळतं यातलं. करशील ना?’’

मी करते म्हटलं. चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी आणली. राहिलं चित्रण. त्यासाठी बाबांना दारात अडकू द्यायचं आणि न मोजता दोन मिनिटं फोन धरून उभं राहायचं, आईला घराबाहेर पाठवून. एका रविवारी मला डोकेदुखी होती. एका बुधवारी दुकानात काम जास्त होतं. पुढच्या रविवारी मी गेले, पण बाबांना बरं वाटत होतं आणि आई खुशीत होती, म्हटलं कशाला.

ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही. माझा आईवरचा राग गेला नव्हता. मी रजा काढली, टेबल सरकवलं, बापाला परक्या बाईसमोर हतबल उभं केलं, आणि आईनं दोन शब्दांत सगळं मातीत घातलं, वर म्हणते मी नाही. मला वाटत होतं, भोगू दे थोडं. तीस दिवस आहेत. भरू की शेवटच्या आठवड्यात.

सव्विसाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, आई बाबांना बाथरूममधून आणत होती. ती त्यांचे दोन्ही हात धरून पाठमोरी चालायची आणि मोजायची. स्वयंपाकघराच्या चौकटीत बाबा चिकटले. तिनं मोजलं. पाय सुटले ते एकदम सुटले, बाबा पुढे झेपावले आणि सगळं वजन तिच्यावर आलं. ती मागच्या मागे फरशीवर पडली. बाबांनी चौकट पकडली म्हणून ते उभे राहिले. आईचं खुब्याचं हाड मोडलं.

फोन हॉलमधल्या टेबलावर होता. दार आणि टेबल यांच्या मध्ये आई पडली होती. आणि बाबा चौकटीत, पुन्हा चिकटलेले.

पुढचं मला दोघांकडून कळलं, वेगवेगळं. आई दवाखान्यात म्हणाली, पाच-दहा मिनिटं गेली असतील. बाबा म्हणाले, समोरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. आई जमिनीवरून त्यांच्यासाठी मोजत होती. पण कळ आली की तिचा श्वास तुटायचा, एक म्हटल्यावर दोन यायला वेळ लागायचा, आणि बाबांच्या पायांना सरळ ठेक्याची सवय होती. तुटक्या ठेक्यावर ते हलेनात. ‘‘तिला म्हटलं, राहू दे, दुखतंय तुला,’’ बाबा मला म्हणाले. ‘‘तर म्हणाली, गप्प बसा, तुम्ही पावलाकडे लक्ष द्या.’’ शेवटी केव्हातरी तिनं दात दाबून सलग आठ-दहा वेळा म्हटलं, तेवढ्यात ते निघाले आणि तिला ओलांडून टेबलाशी गेले. मला तीन वेळा फोन केला. मशीनच्या आवाजात मला ऐकू आला नाही. चौथा लागला.

शस्त्रक्रिया चांगली झाली असं सगळे म्हणाले. मग छातीत कफ झाला, मग ताप आला. अकराव्या दिवशी आई गेली. त्याआधी दोन दिवस मी बाबांना व्हीलचेअरवरून तिला भेटायला नेलं होतं. दोघांना बोलू द्यावं म्हणून मी बाहेर बाकावर बसले होते. अर्जाची मुदत तोवर टळून गेली होती. ते मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

मी बिनपगारी रजा टाकून बाबांकडे राहायला गेले. तीन आठवड्यांत माझ्या नाकी नऊ आले. मी आईपेक्षा वीस किलोंनी जड आणि तीस वर्षांनी लहान, तरी माझ्याही हातांवर डाग पडले. मी मोजायचे, पण माझं मोजणं त्यांना चालायचं नाही. कधी घाईचं व्हायचं, कधी रडवेलं. शेवटी मी कचेरीत नव्यानं अर्ज केला. त्यात एक प्रश्न होता, घरात सांभाळणारी व्यक्ती कोण. मी ‘कुणी नाही’ लिहिलं, कारण रजा संपली की ते खरंच होणार होतं.

चौथ्या दिवशी फोन आला. तपासणीची तारीख द्यायला असेल म्हणून मी वही घेऊन बसले. ‘‘तपासणीची गरज नाही,’’ पलीकडचा कारकून म्हणाला. ‘‘एकट्या माणसाला गुणांची अट लागू नाही. मागच्या वेळी तुमच्या आई होत्या ना घरात.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘होत्या.’’

‘‘मग बरोबर. सोमवारपासून माणूस येईल.’’

सोमवारी सकाळी आठला मदतनीस आला. चाळिशीचा, दणकट, कमी बोलणारा. त्यानं बाबांना पलंगावर एका कुशीला वळवलं, पाय खाली सोडले, एक हात पाठीमागे घातला आणि उठवलं. आवाज नाही, धडपड नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीत बाबा थांबले. मी मोजायला तोंड उघडलं तर त्यानं हातानं मला थांबवलं. स्वतःचा पाय बाबांच्या पावलापुढे आडवा ठेवला आणि म्हणाला, ‘‘काका, हा ओलांडा.’’ बाबांनी ओलांडला आणि चालायला लागले. दहा सेकंदही लागले नसतील.

आंघोळ, दाढी, स्वच्छ शर्ट. नऊ वाजता बाबा खुर्चीत बसले होते, केसांना भांग. मदतनीस आत चादर बदलत होता. बाबा त्या दाराकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘हा आधी का नाही मिळाला?’’

मी एकाहत्तर गुणांचं सांगू शकले असते. रकान्याचं, पट्ट्याचं, फोनवरच्या मोजणीचं. सगळं खरं होतं. पण त्यांच्यासमोरून मी एकदा तोंड मिटून उठले होते, पुन्हा उठवेना. मी म्हटलं, ‘‘बाबा, तो दुसरा अर्ज मी पाठवलाच नाही. चिठ्ठी आणली होती. बाकी केलं नाही. मी आईवर रागावले होते.’’

त्यांचा चेहरा तसाच. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगणार होते.

‘‘ती रोज विचारायची,’’ बाबा म्हणाले. ‘‘कचेरीतून काही आलं का. पोरीला फोन करू का. मी म्हणायचो, नको, तिच्या मागे लागू नकोस, ती वेळेवर करते सगळं.’’ एवढं बोलून त्यांना थांबावं लागलं. मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

‘‘दवाखान्यातही विचारलं. शेवटचं तेच विचारलं तिनं. मी सांगितलं, अर्ज केव्हाच गेलाय, आता माणूस येईल, तू काळजी करू नको.’’

आतून मदतनिसानं विचारलं, जादा चादरी कुठं ठेवतात. मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं.